मलावीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपल्या भागातल्या नऊ विद्यार्थ्यांची बातमी वाचली. 'सेवेसाठी आफ्रिकेत' असा मथळा होता. मुलं नक्की कुठल्या देशाला चालली आहेत ते चौथ्या परिच्छेदात एकदाच आलं: मलावी. बातमी वाचून फार बरं वाटलं, पाठोपाठ काळजीही वाटली, म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी निवृत्त परिचारिका. एकतीस वर्षं शासकीय रुग्णालयांत काढली, त्यातली बावीस प्रसूतिकक्षात. 2024 साली जून ते ऑगस्ट मी दक्षिण मलावीत, मुलांजे जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून होते. जायच्या आधी सहा महिने हाताशी होते. तिथे माझा जो काही थोडाफार उपयोग झाला तो त्या सहा महिन्यांच्या अभ्यासामुळे, आणि जिथे मी चुकले तिथे अभ्यास कमी पडला होता.

ज्या संस्थेमार्फत गेले तिनं दोन पानांचं माहितीपत्रक दिलं होतं. वर अख्ख्या आफ्रिकेचा नकाशा. खाली सूचना: पाणी उकळून प्या, रात्री एकट्यानं फिरू नका, पीतज्वराची लस घ्या, वाटायला जुने कपडे आणा. त्यात मलावी हा शब्द कुठेही नव्हता. माझ्या प्रतीवर तो कुणीतरी पेनानं लिहून दिला होता. हेच पत्रक खंडातल्या 54 देशांपैकी कुठेही जाणाऱ्याला चाललं असतं. त्या रात्री मी ठरवलं की आता आपलं आपणच शिकायचं.

सुरुवात नातवाच्या नकाशासंग्रहापासून केली. झांबिया, टांझानिया आणि मोझांबिक यांच्या मधे उभी चिंचोळी पट्टी, समुद्र कुठेच नाही. आकारानं महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. 2018 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 75 लाख. पूर्वेला लांबच लांब तळं, लांबी सुमारे 580 किलोमीटर. मुंबईहून अकोल्याला रेल्वेनं येताना आपण जितकं अंतर कापतो, साधारण तितकं. हे डोक्यात बसल्यावर तो देश मला कागदावरून उठून जमिनीवर आल्यासारखा वाटला.

मग तूर आठवली. माझा धाकटा भाऊ बाळापूर तालुक्यात तूर लावतो. 'आफ्रिकेची तूर आली की आपला भाव पडतो' हे वाक्य मी त्याच्या तोंडून दरवर्षी ऐकते. ती तूर ज्या देशांतून येते त्यांत मलावी आहे. 2021 मध्ये आपल्या सरकारनं पाच वर्षं, दर वर्षी 50 हजार टन तूर मलावीतून घ्यायचा करार केला. त्याआधी 2017 मध्ये आपण तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली होती आणि तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले होते. म्हणजे माझा भाऊ ज्याला दोष देतो तो माणूसही एखाद-दुसऱ्या एकराचा मालक, आणि तो दिल्लीच्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला. मी मुलांज्याला पोहोचले तेव्हा मका काढून झाला होता आणि वाळक्या ताटांच्या मधे तूर हिरवीगार उभी होती. आपण कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये ओळी टाकतो तसंच. तिला तिथे 'नांदोलो' म्हणतात. गावात ती अख्खीच शिजवतात, टमाटे घालून. डाळ होते ती गिरणीत, आणि बरीचशी आपल्याकडे यायला. फोनवर भावाला शेताचं चित्र दाखवलं तर तो कितीतरी वेळ गप्पच होता. मग म्हणाला, 'शेंगा चांगल्या धरल्यात.' (मुंबईकरांना सांगायचं तर नोव्हेंबरात वाशीच्या बाजारात जो मलावी हापूस येतो, तोही याच देशातला.)

मुलांनी भाषेपासून सुरुवात करावी असं मला कळकळीनं वाटतं. इंग्रजी ही मलावीची कारभाराची भाषा आहे, पण बाळंतकळा इंग्रजीत येत नाहीत. दक्षिणेत आणि मध्य भागात चिचेवा बोलतात, उत्तरेकडे तुंबुका, शिवाय याओ आणि इतर भाषा आहेत. चिचेवा देवनागरीत लिहायला सोपी जाते, कारण तिचा जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. मी दोनशे पानी वही केली. 'मुली ब्वांजी?' म्हणजे कसे आहात. उत्तर 'न्दिली ब्विनो, काया इनू?' म्हणजे मी बरी आहे, आणि तुम्ही? 'झिकोमो' म्हणजे आभारी आहे. नर्सला 'नाम्विनो'. तापाला आणि मलेरियाला दोघांनाही 'मालुंगो', म्हणून एखादी आई 'मालुंगो' म्हणाली तर तिला साधा ताप म्हणायचंय की मलेरिया, हे विचारूनच घ्यावं लागतं. आणि आईला, कुठल्याही मोठ्या बाईला, 'मायी'. आपल्या वऱ्हाडात म्हाताऱ्या बाईला 'माय' म्हणतो. पहिल्या दिवशी बाजेवरच्या बाईला 'मायी' म्हणून हाक मारली तेव्हा जीभ अडखळली नाही.

त्या भाषेत 'इवे' म्हणजे तू आणि 'इनू' म्हणजे तुम्ही. हा फरक हिंदी-मराठी माणसाला शिकवावा लागू नये. पण आमच्यासोबत एक विद्यार्थी होता, चांगल्या मनाचा, कष्टाळू. त्यानं सगळे शब्द अंगणातल्या पोरांकडून उचलले. आणि पोरं आपापसांत 'इवे'च म्हणतात. त्यानं साठीच्या सफाई कामगार बाईंना पहिल्याच आठवड्यात हसत हसत 'इवे' म्हणून हाक मारली. बाई काही बोलल्या नाहीत. झाडू भिंतीला लावला आणि बाहेर निघून गेल्या. पुढे महिनाभर त्या त्याच्या खोलीत झाडायला गेल्या नाहीत. माझ्या सासूबाईंना कुणी परक्या पोरानं 'ए तू' म्हटलं असतं तर त्याही अशाच उठून गेल्या असत्या. त्याला कुणीतरी जायच्या आधी एवढं सांगायला हवं होतं, आणि ते त्या दोन पानांत मावलं असतं.

'पेपानी' या शब्दाचा अर्थ कोशात 'माफ करा' असा मिळतो. पण तो तेवढाच नाही. कुणी ठेचकाळलं, कुणाचं दुखलं, कुणाकडे माणूस गेलं, तर आपली काही चूक नसतानाही 'पेपानी' म्हणतात. मी बावीस वर्षं कळा देणाऱ्या बायकांना 'जरा सोस, होईल आता' म्हणत आले. तिथल्या नर्सेस पाठीवर हात ठेवून नुसतं 'पेपानी, मायी' म्हणायच्या. आता घरीसुद्धा कुणाला लागलं की माझ्या तोंडून तोच शब्द निघतो.

इतिहासाचं थोडं सांगते, कारण या पत्राशी त्याचा संबंध आहे. इंग्रजांच्या काळात या देशाचं नाव न्यासालँड होतं. जॉन चिलेम्ब्वे नावाचे पाद्री तिथे होऊन गेले. पहिल्या महायुद्धात आपल्या लोकांना परक्यांच्या लढाईत मरायला का पाठवता, असा सवाल करणारं पत्र त्यांनी नोव्हेंबर 1914 मध्ये 'न्यासालँड टाइम्स'च्या संपादकांना लिहिलं. सरकारनं ते पत्र लोकांपर्यंत पोहोचू दिलं नाही. दोन महिन्यांत, जानेवारी 1915 मध्ये, त्यांनी मळेवाल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला आणि त्यात ते मारले गेले. ज्या 1914 साली लोकमान्य मंडालेहून सुटून आले त्याच वर्षीची ही गोष्ट, आणि शाळेत मला यातलं अक्षरही कुणी शिकवलं नव्हतं. आज चिलेम्ब्वे यांचं चित्र मलावीच्या नोटांवर आहे आणि 15 जानेवारीला त्यांच्या नावानं सुट्टी असते. 6 जुलैला स्वातंत्र्यदिन. 1964 साली देश स्वतंत्र झाला आणि 1994 पर्यंत हेस्टिंग्ज कामुझू बांडा यांचीच सत्ता होती. त्या काळात राजकारणाबद्दल उघड बोलण्याची सोय नव्हती. वयस्कर माणसं अजूनही त्या दिवसांबद्दल आवाज खाली करून बोलतात. मुलांनी तिथे जाऊन पहिल्या भेटीत असले प्रश्न विचारू नयेत.

आपण भारतीय म्हणून तिथे कोरी पाटी घेऊन उतरत नाही, हेही माहीत असावं. भारतीयाला 'म्वेन्ये' म्हणतात. 1891 मध्ये इंग्रजांनी हा मुलूख ताब्यात घेताना सोबत शीख शिपाई आणले होते. मागून व्यापारी आले, बहुतेक गुजराती. बांडांच्या राजवटीत 1970 च्या दशकात या व्यापाऱ्यांना खेड्यांतली दुकानं सोडून शहरांत जायला भाग पाडलं गेलं. 2018 मध्ये ब्लँटायरमध्ये गांधीजींचा पुतळा उभारायचं चाललं होतं, त्याला स्थानिक लोकांनी विरोध केला आणि न्यायालयानं काम थांबवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या तरुण गांधींनी काळ्या लोकांबद्दल काय लिहिलं होतं, यावरून तो विरोध होता. मला वाचताना वाईट वाटलं. पण वाचलं होतं म्हणून एका संध्याकाळी तिथल्या शिक्षकांनी हा विषय काढला तेव्हा मी भांडले नाही, ऐकून घेतलं. ते बोलले, मग मी चंपारण सांगितलं, आणि मग आम्ही चहा प्यायलो. चहा त्यांच्याच जिल्ह्यातला, मुलांज्याच्या डोंगराच्या पायथ्याशी चहाचे मळे पसरलेले आहेत.

माझ्या कामाच्या विषयावर मात्र मला जे सापडलं त्यानं मी हलले. आपण काहीतरी शिकवायला चाललो आहोत, असा माझाही समज होता. वाचता वाचता कळलं की 2011 मध्ये मलावीनं ठरवलं: एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला सीडी-फोरच्या (रक्तातल्या प्रतिकारपेशी मोजायच्या) तपासणीसाठी ताटकळत ठेवायचं नाही, लगेच गोळ्या सुरू करायच्या आणि त्या जन्मभर द्यायच्या. खेड्यापाड्यांत तपासणीची यंत्रं नव्हती, म्हणून त्यांनी ही वाट काढली. जगात सगळ्यात आधी त्यांनी काढली. आपल्याकडे हीच पद्धत 2014 मध्ये आली. म्हणजे मी माझ्या कक्षात शेवटची काही वर्षं जे करत होते, ज्यामुळे माझ्या हातांवर जन्मलेली कितीतरी बाळं संसर्गावाचून घरी गेली, ते मलावीनं घालून दिलेलं होतं. मला प्रशिक्षणात त्या देशाचं नाव कुणी सांगितलं नव्हतं. तसंच मलेरियाचं. औषधाला जंतू दाद देईनात म्हणून 1993 मध्ये क्लोरोक्विन बंद करणारा आफ्रिकेतला पहिला देश मलावी. मुलांनो, घरातल्या क्लोरोक्विनच्या गोळ्यांवर विसंबून जाऊ नका. तिथला मलेरिया जिवावरचा आहे. प्रतिबंधक गोळ्या कोणत्या, ते डॉक्टरांना मलावीचं नाव सांगून विचारा. आणि तळं कितीही निळंशार दिसलं तरी सरळ उडी मारू नका, गोगलगायींमुळे पसरणारा बिलहार्झिया हा कृमींचा आजार त्या पाण्यातून होतो.

बातमीत म्हटलं आहे की हे विद्यार्थी 'आरोग्य तपासणी व उपचार' करणार. त्यातले पाच जण अजून द्वितीय वर्षाला आहेत. इथे मी स्पष्ट बोलते. जे काम अकोल्यात करायची तुम्हाला परवानगी नाही ते मुलांज्यात करू नका. तिथे नर्सेस अँड मिडवाइव्ज कौन्सिल आहे, परदेशी नर्सला तिच्याकडे नोंद करावी लागते. माझ्या संस्थेनं 'त्याची गरज नाही' म्हणून सांगितलं होतं. मी स्वतः लिहून विचारलं आणि तात्पुरती नोंदणी घेऊनच कामाला हात लावला. तिथे जिल्हा रुग्णालयांत बहुतेक सिझेरियन 'क्लिनिकल ऑफिसर' करतात. ते एमबीबीएस नसतात, पण याच कामासाठी शिकलेले असतात आणि त्यांचे हात सराईत आहेत. ते बघून आपल्या मुलांनी 'इथे कुणीही काहीही करतं' असा अर्थ काढला तर अनर्थ होईल. प्रत्येक रुग्ण स्वतःची 'हेल्थ पासपोर्ट' नावाची वही जवळ बाळगतो, त्यात सगळा इतिहास असतो. आधी ती वाचायची. शेजारी बसलेल्या नातेवाइकाला 'गार्डियन' म्हणतात. स्वयंपाक, धुणं, रात्रीची सोबत सगळं तोच करतो. आपल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात डबा घेऊन बसलेली बाई आठवा.

जुन्या कपड्यांचं सांगायचं राहिलं. मी तीन पिशव्या जमवल्या होत्या. मग कळलं की परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे तिथे गावोगाव बाजार भरतात, त्याला 'काउंजिका' म्हणतात. आणखी तीन पिशव्यांची गरज कुणालाच नव्हती. तिथल्या इन्चार्ज सिस्टरांना मी व्हॉट्सअॅपवर विचारलं की काय आणू. उत्तर आलं: कपाळाला बांधायचे दिवे, कारण रात्री वीज जाते आणि बाळंतपण थांबत नाही. सेकंदकाटा असलेली घड्याळं. आणि स्वतःसाठी स्वेटर. जूनमध्ये स्वेटर कशाला, असं मला वाटलं. पण विषुववृत्ताच्या खाली जून-जुलै म्हणजे हिवाळा. तिथे 'चिपेरोनी' नावाची गार, धुकट झिमझिम चालू होते ती दिवसेंदिवस हटत नाही. पिशव्या इथेच ठेवून गेले.

रोज सकाळी चहाबरोबर मी मलावीची वर्तमानपत्रं मोबाइलवर वाचायची, 'द नेशन' आणि 'द डेली टाइम्स'. सहा महिने. मी वाचायला लागले त्याच्या आदल्याच महिन्यात, नोव्हेंबर 2023 मध्ये, त्यांच्या क्वाचा या चलनाचं 44 टक्क्यांनी अवमूल्यन झालं होतं. मार्चमध्ये दुष्काळानं 28 पैकी 23 जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. मी मोठ्या मेहनतीनं आहाराचा तक्ता केला होता, अंडी, दूध, फळं. ती बातमी वाचून तो फाडला. ज्या घरात मक्याच्या पिठाची न्सीमा दिवसातून एकदाच शिजते तिथे असला तक्ता घेऊन उभं राहणं मला जमलं नसतं.

मला पोहोचून आठवडा झाला होता. 10 जूनला उपराष्ट्राध्यक्ष सौलोस चिलिमा यांचं विमान बेपत्ता झालं. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सांगितलं की विमानातलं कुणीही वाचलं नाही. केंद्रात सगळे एका रेडिओभोवती उभे होते, नर्स, गार्डियन, पाणी भरणारी मुलं. चिलिमा 51 वर्षांचे होते. मला ते कोण हे ठाऊक होतं. 2019 च्या निवडणुकीत निकालपत्रांवर व्हाइटनर लावून आकडे बदलले म्हणून कोर्टात गेलेल्या दोघांपैकी ते एक. 2020 मध्ये न्यायाधीशांनी ती निवडणूक रद्द केली, फेरनिवडणूक झाली आणि सत्ता बदलली. मी त्या निकालाबद्दल इथे अकोल्यात, गच्चीवर बसून वाचलं होतं. सिस्टर रडत होत्या. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले, 'पेपानी' म्हटलं, आणि मग त्या कोर्टाचं, व्हाइटनरचं बोलले. त्यांनी मान वर करून पाहिलं. 'तुम्हाला माहीत आहे?' असं दोनदा विचारलं. त्या दिवसानंतर मला त्या घरी जेवायला बोलवायला लागल्या, आणि कक्षात माझं चुकलं की तोंडावर सांगायला लागल्या. पाहुण्या बाईला असं कुणी सांगत नाही.

संपादक महाशय, आपल्याला एक विनंती. ही मुलं निघण्याआधी पुरवणीत एक पान मलावीला द्या. पुढे कुणी रवांडाला गेलं, इथिओपियाला गेलं, तर मथळ्यात त्या देशाचं नाव येऊ द्या.

आणि मुलांसाठी: माझी वही तुमच्यासाठी आहे. चारशेच्या वर शब्द आहेत, सगळे देवनागरीत, काही सिस्टरांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेले. वर्तमानपत्राच्या कार्यालयात तिची प्रत ठेवते आहे. निरोप दिलात तर दुपारी तीननंतर घरी कधीही या, उच्चार करून दाखवीन. पहिल्या पानावर एकच शब्द आहे, 'ओडी'. कुणाच्या अंगणात शिरण्याआधी तो म्हणायचा, 'आहे का कोणी घरात?' म्हणतो तसा. आतून 'ओडिनी' ऐकू येईपर्यंत बाहेरच थांबायचं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, अकोला